सगळेच अ‍ॅडमिन

मी अहमदपुरात कॉम्प्युटर शिकवतो आणि मला मुक्त सॉफ्टवेअरचा जरा जास्तच पुळका आहे. कुणाचाही जुना लॅपटॉप दिसला की त्यात लिनक्स टाकून देतो, वर फुकटचं व्याख्यान झोडतो: जे सॉफ्टवेअर उघडून बघता येत नाही, त्याचे आपण मालक नाही, गडी. मी सुरू झालो की घरचे आपापले मोबाईल काढतात.

पुतणीच्या लग्नासाठी भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. आमच्याकडे पत्रिकेत एक नाव सुटलं तर तो माणूस मांडवात पाय ठेवत नाही. ग्रुपवर तसं नको म्हणून मी सव्वीसच्या सव्वीस जणांना अ‍ॅडमिन केलं. खुला कोड कुणीही वाचावा, पण मूळ कोडमध्ये कुठला बदल घ्यायचा हे दोन-चार जबाबदार माणसंच ठरवतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. घरी मात्र अक्कल गहाण टाकली.

लग्न दोन दिवसांवर आलं होतं. जळकोटजवळच्या आमच्या गावी दारात मांडव चालला होता. सकाळीच काकांनी ग्रुपवर लिहिलं, नवरीच्या बापाला मानपान कळत नाही. नवरीचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ. दादाने काकांना ग्रुपमधून काढलं. काकांच्या मुलाने त्यांना परत घेतलं. दादाने बापलेक दोघांनाही काढलं. कुणी कुणाला काढलं, हे नावानिशी सगळ्यांच्या मोबाईलवर दिसत होतं. तोंडी शिवी माणूस विसरतो, ही पुसली जात नाही.

तासाभरात काका दारात आले.

"मला भावकीतून काढायलास का रे? लई माजलास!"

आणि दादाच्या थोबाडीत ठेवून दिली. दादा पायरीवर आपटला, ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त आलं.

लोक मला शांत म्हणतात. साफ खोटं. मी मांडवाचा बांबू उचलला. काकांचा मुलगा बापाला आवरायला हात पुढे करून धावत येत होता. मला वाटलं, हा मारायला येतोय. मी सगळा जोर लावून हाणलं. त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. तो खाली बसला, तरी मी त्याच हातावर दुसऱ्यांदा हाणलं. पहिला फटका चुकून बसला म्हणता येईल. दुसरा मारताना मला बरं वाटत होतं. याची मला अजून किळस येते.

तो उदगीर-लातूर टेम्पो चालवायचा. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मांडवाचा बांबू पडला, साहेब." लग्न लागलं, त्यांच्या घरचं कुणी आलं नाही. पुढे कळलं, मूठ वळत नाही आणि टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर आहे.

चार महिन्यांनी धीर करून मी त्याच्या घरी गेलो. वहिनी त्याच्या अंगातल्या शर्टाची बटणं लावून देत होत्या. मला पाहून त्यांचे हात थांबले. तो मात्र म्हणाला, "आलास? बस की. चहा घेऊन जा."

वाटलं, यानं मला एक सणसणीत ठेवून द्यावी. पण तो हात मीच मोडला होता.