दारातली काठी

खुर्चीतून न उठता अक्का काठीनं सगळं घर चालवायच्या. पंख्याचं बटण, खिडकीची कडी, ओट्यावर चढणारं मांजर, सारं काठीच्या टोकाशी. ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. देवपुरातल्या आमच्या घरी त्यांची खुर्ची बरोबर दारात असे.

तरुणपणी शिरपूरकडे शेतावर असताना मला त्यांच्या गालांचा फार हेवा वाटायचा. गुडघेदुखीवर त्या बाजारात बसणाऱ्या एका बाबाकडून पुड्या आणत. पुडी घेतली की तरतरीत होऊन कपाशी वेचायला हजर! चेहराही गोल गरगरीत झालेला. मी काडीसारखी. म्हटलं, तब्येत असावी तर अशी!

"अक्का, मलाही एक पुडी द्या ना."

"तुले नई देस. जाय!"

जाऊ फार चिक्कू, असं मी गावभर सांगितलं. माझी अक्कल तेव्हा वेणीत गुंतलेली असायची.

त्या पुड्यांत स्टेरॉइड होतं, हे कळेपर्यंत अक्कांची हाडं ठिसूळ झाली होती. जळगावच्या डॉक्टरांनी गुडघे बदलायला नकार दिला. मग ती खुर्ची आली.

माझा गुडघा मात्र बदलला. सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी मोजके दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. काय सांगू, वॉकर घेऊन मी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापायला निघाले! गोळ्या संपल्या आणि दुखणं परत आलं. व्यायाम नको वाटे, चार भिंतींत जीव घुसमटे. एका दुपारी गोळ्यांचं रिकामं पाकीट पदरात लपवून मी मेडिकलकडे निघाले. दारात काठी आडवी.

"पदरमा काय शे?"

"काही नाही. पाय मोकळे करते."

"इमल, ती ताकद तुनी नई, गोयीनी शे. मी एकदाव पुडी सोडी, ते खाटवरथीन उठता उनं नई. मंग परत खादी. आते दख, कोठे बठेल शे."

"तुम्हाला काय, तुम्हाला व्यायाम नाही!" मी फणकारले. गुडघा नवा, जीभ जुनीच.

काठी माझ्या घोट्याला टेकवून अक्का म्हणाल्या, "वाकाड. मना वाटानं बी वाकाड."

त्यांच्या वाट्याचंही मीच वाकवायचं! रोज त्यांच्यासमोर पाय वाकवत मी रडायचे, त्या काठीनं ताल धरायच्या.

एका सकाळी चपला घालून मी पांझरा नदीच्या पुलाकडे निघाले. काठी फाटकासारखी वर गेली.

"अक्का, येते हं."

"जाय, जाय. मी आठेच शे."

अक्का गेल्या. दार आता मोकळं असतं. तरी बाहेर पडताना मी उंबऱ्याशी थांबते, काठी वर जाईपर्यंत.