सर्दी गेली, मान धरली

आमच्या दवाखान्यात किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. सर्दी-तापाची साथ येते, ओसरते, लोक कामाला लागतात. आणि मग दोन-तीन आठवड्यांनी एकेक जण गळा धरून दारात उभा! सर्दीच्या व्हायरसनंतर काहींच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. दुखतो गळा, पण कळ निघते जबड्यात, कानात. ग्रंथीतलं साठलेलं हॉर्मोन एकदम रक्तात येतं, म्हणून छाती धडधडते, हात कापतात, चिडचिड होते. बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं. पण ते निवळेपर्यंत माणसं काय काय करून बसतात!

* * *

एकदा दुपारी ओळखीच्या डेंटिस्टचा फोन आला. आवाज एकदम दबका.

"म्याडम, एक पेशंट खुर्चीतनं उठायला तयार नाही."

पेशंट वारणानगरकडचा ट्रॅक्टरवाला, अंगानं दांडगा. आठवड्यापूर्वी दुसरीकडं हट्टानं डावी दाढ काढून घेतलेली. आता कळ उजवीकडं सरकली होती!

"एक्स-रे स्वच्छ आहे. मी काढणार नाही म्हटलं, तर म्हणतोय पक्कड द्या, माझी मी काढतो. आणि खरंच ट्रेकडं हात घालतोय हो!"

"आधी सर्दी-ताप झाला होता का विचारा. आणि गळ्याला पुढून हात लावून बघा."

फोन चालूच होता. मग अशी बोंब उठली की मी फोन कानापासून लांब धरला.

"काय झालं?"

"सापडली म्याडम, दाढ!"

* * *

शाहूवाडीकडनं एक जीप आली ती हॉर्न वाजवतच. आत पस्तिशीची सुलाबाई, सोबत भाऊ आणि दीर. दोघांनी तिला उचलूनच आत आणलं.

"हार्ट अटॅक हाय! लवकर बघा!"

नाडी एकशेचाळीसच्या वर. मलाही घाम फुटला. आमच्या सिस्टर ईसीजीच्या वायरी लावत होत्या, तोवर मी विचारायला सुरुवात केली.

"छातीत दुखतंय?"

"लई दुखतंय," भाऊ म्हणाला.

"डाव्या हाताला मुंग्या पन येत्यात," दीर म्हणाला.

"केव्हापासून?"

"सकाळधरनं," भाऊ. "कालधरनं," दीर.

बाई डोळे मिटून पडलेली. ईसीजीची पट्टी बाहेर आली. ठोके जलद, पण बाकी ठीक. तेव्हा कुठं माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. हात छातीवर नव्हताच. गळ्यावर होता.

मी वाकून म्हटलं, "सुलाबाई, तुम्ही सांगा. कुठं दुखतंय?"

तिनं डोळे उघडले, आधी भावाकडं बघितलं, मग दिराकडं.

"गळा. चार दिस सांगतोय की! पर हे दोघं एकमेकालाच इचारत्यात!"

हार्ट अटॅक नाही म्हटल्यावर भाऊ बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.

* * *

भूपालअण्णा धान्याचे व्यापारी. गळ्याला घट्ट, दुखरी गाठ लागली आणि त्यांनी मोबाइलवर वाचून निकाल लावून टाकला, कॅन्सर! मी म्हटलं, "सूज असावी, पण खात्रीसाठी सुई घालून तपासू." त्यांनी त्यातलं 'सुई' तेवढं ऐकलं.

रिपोर्टला तीन दिवस होते. त्यांचा धाकटा भाऊ शेजारच्याच दुकानात. मधे एक भिंत, आणि नऊ वर्षं बोलणं बंद! पहिल्याच संध्याकाळी अण्णा त्या दुकानाची पायरी चढले. म्हणाले, "मी आता फार दिवस न्हाय." पुढं काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक.

रिपोर्ट आला. नुसती सूज. कॅन्सरचं नाव नाही. मला वाटलं, अण्णा उडी मारतील. अण्णांनी रिपोर्टाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"म्याडम, हा आठ दिवस उशिरा देता ईल?"

"का हो?"

"भाऊ रोज सकाळी डबा घेऊन येतोय. बरा हाय म्हणून कळलं, तर बंद करंल की!"

* * *

दुसऱ्यांचेच किस्से सांगणं बरं नव्हे. कळंब्याचे एक सर घसा दुखतो म्हणून आले. मी टॉर्च मारून तोंडात बघितलं, अँटिबायोटिक दिलं. पुन्हा आले, मी पुन्हा तोंडात बघून गोळी बदलली. तिसऱ्या खेपेला सर निम्मे झाले होते. फळ्यावर खडू धरवेना, म्हणाले. आणि स्वतःच कॉलरचं बटण काढलं.

"दोन वेळा तोंडात बघितलंत. आता जरा खाली उतरा."

मी गळा दाबला. सर खुर्चीतून अर्धे उठले. माझी मान खाली गेली.

"सर, माझं चुकलं."

"चुकलं ना? मग दहा वेळा लिहा!"

सर हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून घसादुखीच्या प्रत्येक केसपेपरवर मी लिहिते, 'गळा हातानं तपासला'.

* * *

सविता नवऱ्याबरोबर आली. नवरा तानाजी, घरी आठ म्हशी. सर्दी-तापानंतर महिनाभर तिचा गळा दुखत होता, झोप उडाली होती. पण तानाजीची तक्रार वेगळीच.

"म्याडम, सतरा वर्षांत वर मान करून बोलली न्हाय. परवा भर अंगणात दुधाची किटली आपटली! म्हनती, आठ म्हशी, सतरा वर्षं, उद्यापास्नं धार मी काढनार न्हाय. अंगणवाडीत मदतनीस म्हणून ऑर्डर आलीया, मी हजर हुनार!"

सविता जमिनीकडं बघत होती. हात कापत होते. रिपोर्टमध्ये हॉर्मोन चांगलंच वाढलेलं. मी म्हटलं, या आजारात चिडचिड होते.

तानाजीचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे ही न्हाय बोलली, थायरॉइड बोललं!"

मग घरात तेच सुरू झालं. ती काही म्हणाली की सासू म्हणे, "गाठ बोलतीया, बोलू दे." सविता गप्प झाली. अंगणवाडीत रुजू व्हायला मुदत मागण्यासाठी माझं सर्टिफिकेट मात्र तिनं नेलं.

चार महिन्यांनी दोघं परत आली. सूज गेलेली, नाडी शांत, हात स्थिर. तानाजी खूश. "बघा, कशी थंड झालीया!"

सवितानं विचारलं, "सगळं नॉर्मल हाय?"

"सगळं."

"तेवढं लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

मी लिहिलं. तिनं कागद वाचला, पर्समध्ये ठेवला, चेन लावली. मग खुर्ची नवऱ्याकडं वळवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आता ऐका. आठ म्हशी, सतरा वर्षं..."