खडूचे गोल

आमच्या ह्यांचं कपाटांचं दुकान होतं. होतं म्हणते, कारण शटर उतरलं ते उतरलंच.

ह्यांची तऱ्हाच जगावेगळी! नवं कपाट आलं की पुढून-मागून तपासायचे. जिथे तडा, जिथे बिजागरी ढिली, जिथे प्लायवूड फुगलेलं, तिथे खडूनं गोल काढायचे. गिऱ्हाईक आलं की आधी त्या गोलावर बोट. "खोट लपवून विकलं तर ती कमाई हराम. अल्लाहला काय तोंड दाखवू?"

"आधी घरमालकाला दाखवा!" मी करवादायचे.

शेजारच्या दुकानात त्याच कारखान्याची तीच कपाटं, फक्त गोल नसलेली. लोक आमच्याकडे सगळं ऐकून घ्यायचे, "तुमच्यासारखा सरळ माणूस आता मिळत नाही," म्हणायचे आणि शेजारी जाऊन खरेदी करायचे. कौतुकानं कधी चूल पेटलीय का? दीर म्हणाले, बँकेचं कर्ज काढ. "व्याज घेणं हराम तसं देणंही हराम," हे म्हणाले, आणि विषय संपला. मग दुकानही संपलं.

उरलेला माल शेजाऱ्यानंच घेतला. त्यालाही ह्यांनी एकेक गोल दाखवला. तो हसला. "भाई, दिसतंय मला. उद्यापासून माझ्याकडेच कामाला या." दुसरीकडे कुणी विचारत नव्हतं. हे कामावर गेले.

पहिल्याच सकाळी त्यानं ह्यांच्या हातात ओलं फडकं दिलं.

संध्याकाळी पगारातली थोडी उचल घेऊन, पिठाची पिशवी घेऊन घरी आले. चप्पल न काढताच खाली बसले. "पुसले सगळे," म्हणाले. "एक बाई आली होती. लेकीच्या संसाराला कपाट हवं होतं. तिनं विचारलं, 'खोट नाही ना हो काही, भाऊ?' मी 'नाही' म्हटलं गं."

ह्यांनी एकदा तरी तोंड मिटावं म्हणून मी इतकी वर्षं डोकं फोडलं. आता मिटलं, तर ते मलाच बघवेना. त्याच पिठाच्या मी पोळ्या लाटल्या.

धाकटी लेक भुकेजली होती. तिनं घास मोडला, तोंडाशी नेला, आणि ह्यांनी तिचं मनगट धरलं. पोर घाबरून बघत राहिली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात दुसरं काहीच नव्हतं.

ह्यांनी हात सोडला. "खा बेटा," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.