कान कोणी पिळायचा

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. आधी होमापाशी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या, मग उठून नवरदेवाचा कान धरायचा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. आणि हातात आलेला कान काही मागून घेतल्याशिवाय सोडायचा नसतो. या कामासाठी मी लहानपणापासून तयार होतो. बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आणि माझी बोटं कांद्याची पोती ओढून दणकट झालेली.

अडचण माझ्या चेहऱ्याची होती. माझी जन्मदात्री ईशान्येकडच्या डोंगरांतून पुण्यात नोकरीला आली होती, एवढंच दत्तकाच्या कागदांत लिहिलं आहे. नऊ महिन्यांचा असताना मी बिबवेवाडीतल्या या घरात आलो. तेव्हापासून मार्केट यार्डात वडिलांच्या कांद्याच्या गाळ्यावर बसेपर्यंत माझं सगळं मराठीतच झालं, रागावणंसुद्धा. तरी रिक्षावाले माझ्याशी हिंदीत बोलतात. फोनवर माझ्याशी तासभर बोललेले शेतकरी गाळ्यावर येतात आणि मलाच विचारतात, "मालक कुठे गेले?" मी सांगतो, "मोठे मालक जेवायला गेलेत. धाकटे आपल्यासमोर उभे आहेत." आता त्याचीही सवय झाली आहे.

लग्नाला आठ दिवस उरले होते तेव्हा वाघोलीची आत्या आली. वडिलांची ही थोरली बहीण. मी नवा नवा घरात आलो तेव्हा रात्रंदिवस रडायचो, तर महिनाभर हिनेच मला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. ती म्हणाली, "कान पिळायला तुझ्या चुलतभावाला बसवू. माझी माया हाय रे तुझ्यावर. पण त्यांच्याकडचं पाव्हणं सतरा प्रश्न इचारतील. भर मांडवात कशाला?"

मी वडिलांकडे पाहिलं. थोरल्या बहिणीपुढे ते जन्मात कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत.

"मला काय, मी जेवणाचं बघतो," मी म्हणालो. पण फार लागलं मला ते. बाहेरच्यांनी परकं समजावं याचं मला काही वाटत नाही, घरच्यांनी मात्र प्रेमानेच बाजूला ठेवलं आणि ते काही गिळता येईना. बहिणीला मी यातलं अक्षर सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या आणि पाहुणे जेवणाकडे सुटले. वर स्टेजवर होमाची तयारी चालली होती, मी खाली फेटा बांधून जेवणाच्या हॉलमध्ये उभा. हल्ली लग्नात मोमोही असतात. नेमका त्याच काउंटरपाशी होतो. एका गृहस्थांनी ताट माझ्यापुढे धरलं. "भैया, चटनी और देना."

"देतो की," मी म्हणालो. "नवरीचा भाऊ आहे, वाढायलाच हवं. आपण कोणाकडून?"

गृहस्थ चटणी न घेताच गेले. एरवी मला मजा वाटली असती. त्या दिवशी मात्र डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी मोमोच्या वाफेकडे तोंड केलं.

तेवढ्यात वडील आले, उपरणं सावरत, घामाघूम. "चल वर."

"काय झालं?"

"ती ओंजळ उघडत नाही."

झालं होतं असं, की गुरुजींनी भावाला बोलावलं, चुलतभाऊ लाह्यांचं सूप घेऊन बसला, आणि बहिणीने दोन्ही मुठी मांडीवर घट्ट मिटून घेतल्या. माझा भाऊ येईल तेव्हा उघडेन, म्हणाली. गुरुजींनी सांगून पाहिलं, आत्याने समजावून पाहिलं.

"आत्या काय म्हणते?" मी विचारलं.

"ताईला मी सांगितलं, चूक माझी झाली. मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं." एवढं बोलून त्यांनी माझं मनगट धरलं आणि थेट स्टेजवर नेऊन सोडलं.

चुलतभावाने सूप माझ्या हातात दिलं. "घे बाबा, माझे पाय आखडले." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. रडून काजळ पसरलं होतं.

"जेवण बघत होतास म्हणे," ती म्हणाली.

"मीठ कमी आहे."

मग तिने ओंजळ पुढे केली. तीनदा लाह्या घातल्या. नंतर उठलो आणि नवरदेवाचा कान धरला. त्याने शहाण्यासारखी मान वाकवली. त्याच्या आईने शर्ट-पँटच्या कापडाचा बॉक्स पुढे केला.

"कापड नको," मी म्हणालो. "दर भाऊबीजेला हिला घेऊन घरी यायचं. ऑफिसची मीटिंग आहे वगैरे ऐकून घेणार नाही."

"कबूल."

"मोठ्याने."

"कबूल, दादा." कान लालबुंद झाला होता.

स्टेजखालून कुणा पाहुणीने आत्याला विचारलं, हे कोण हो? मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"नवरीचा भाऊ हाय," आत्या म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "त्यानं कान धरलाय, दिसंना व्हय?"

मी कान आणखी जरा पिळला.