वास घेऊन सांगणारं कोणी

आमच्या प्रयोगशाळेत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल तपासायला येतात. शुद्धता यंत्रं सांगतात, पण तेल खवट झालंय का हे पाहायला आम्ही वासही घेतो. तो दोघांनी घ्यायचा, असा नियम आहे.

परवा दुपारी एक सत्तरीचे गृहस्थ बाटली घेऊन दारात उभे राहिले. मुलीने परदेशातून पाठवलेल्या कॅप्सूल होत्या. "एवढं बघून द्या," म्हणाले. खाजगी नमुने आम्ही घेत नाही, तरी मी एक कॅप्सूल कापली, हुंगली आणि शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाताईंपुढे धरली. त्यांनीही लगेच तोंड फिरवलं.

"काका, खवट झालंय. घेऊ नका."

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "पण आमची ही गेल्यापासून वास घेऊन सांगायला घरात कोणी नाही. आपल्याच नाकावर किती विश्वास ठेवायचा?"

बाटली आमच्याकडेच टाकून ते निघून गेले.

एकटेपण सणावारी जाणवतं असं म्हणतात. मला वाटतं, ते दूध नासलंय का, भात विटलाय का, असल्या बारीक शंकेत जास्त असतं. "बघ गं जरा," म्हणत पातेलं कोणाच्या तरी नाकाशी धरता यावं, एवढंच तर हवं असतं.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी सकाळची आमटी हुंगली. पुन्हा हुंगली. दिवसभर लोकांच्या तेलाचा निकाल देणारी मी, ओट्यापाशी नुसती उभी राहिले. आंबली होती की नव्हती, काही केल्या ठरेना. शेवटी ओतून दिली.

चांगलीही असेल.