दार नसलेल्या दुकानातला एसी

आमच्या साडूभाऊंना बसलेलं पाहिलंय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या नेवासा तालुक्यात सापडायचा नाही. स्वतःच्या लग्नात त्यांनी मन लावून केलेला विधी एकच, सप्तपदी. कारण त्यात चालायचं असतं. बाकीचा वेळ ते मांडवभर हिंडत ‘जेवला का, जेवला का’ करत होते आणि भटजी नवरदेवाला शोधत होते. दाढी करायला बसले की (बसले म्हणायचं आपलं!) न्हावीच वस्तरा घेऊन त्यांच्याभोवती फिरतो. माझ्याकडे सोनईला रोज दुपारी यायचे ते स्कूटर चालू ठेवूनच. “अहो, टेका जरा,” म्हटलं की “हे काय, निघालोच,” म्हणत चहाचा कप हातात घेऊन तुळशीभोवती चकरा सुरू. माझी दुपारची झोप या माणसानं पार नासवली होती. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बोलणार कोण?

त्यांचं शिंगणापुरात पेढ्यांचं दुकान. साडूभाऊ बसणारे नव्हेत, म्हणून दुकान निघालं त्या दिवसापासून गल्ल्यावर बसते ती अक्का, माझी मेव्हणी. एका उन्हाळ्यात तिथंच, पेढे तोलता तोलता, तिला भोवळ आली. डॉक्टरांनी बजावलं, या बाईला उकाडा सोसायचा नाही, जपा. साडूभाऊ तसेच नगरला गेले आणि टेम्पोत घालून एसी घेऊन आले. जगाला मात्र सांगायचे, “पेढा मऊ पडतो वो, त्याच्यासाठी!” बायकोसाठी आणला म्हणायची लाज वाटते गड्याला.

आता यात गोम अशी की शिंगणापुरात दाराला कवाड नसतं. घराला नाही तिथं दुकानाला कुठलं? रात्री पडदा ओढायचा, झालं. तेव्हा त्या एसीनं दुकान कमी आणि रस्ता जास्त थंड केला. दर्शनाहून परतणारे भाविक दुकानासमोर आले की आपोआप थबकायचे, गार वारा अंगावर घ्यायचे, हात जोडायचे आणि पेढे न घेता पुढं जायचे. गावातल्या एका लंगड्या कुत्र्यानं तर उंबऱ्यापाशी कायमचा मुक्काम ठोकला. बिचारा एसी दिवसरात्र अख्ख्या आभाळाशी झुंजत होता. यंदा एप्रिल लागला आणि त्यानं घरघर लावली.

झालं, आधीच भिरभिरा माणूस, त्यात हा घोर! “पाव्हणं, जुनाच दुरुस्त करावा का नवा घ्यावा?” हा प्रश्न त्यांनी मला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला, वांबोरीच्या बाजारात मेथी विकणाऱ्या बाईला विचारला. पुणतांब्याला एका दशक्रियेत, गोदावरीच्या काठी सगळी मंडळी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत मुकाट उभी असताना, यांनी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला कोपरानं ढोसून तेच विचारलं. म्हातारा म्हणाला, “आदी कावळ्याचं बघू द्या की वो!” कुणी दुरुस्त करा म्हटलं की यांना नवा घ्यावासा वाटे, नवा घ्या म्हटलं की जुन्याची माया येई. मध्ये एकदा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदाही लावून पाहिला. तर आत दवाखाना असावा म्हणून गिऱ्हाईक बाहेरूनच नमस्कार करून जायला लागलं.

शेवटी मीच वैतागून नगरहून मेकॅनिक आणवला. भर दुपारची वेळ. अक्का गल्ल्यावर, मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, साडूभाऊ आत-बाहेर, आत-बाहेर. मेकॅनिकनं सगळं उघडून पाहिलं आणि हात पुसले. “काका, कॉम्प्रेसर गेलाय. दुरुस्त करा नायतर नवा घ्या, दार न्हाई तवर कुठलाच टिकायचा न्हाई. आदी काचेचं दार बसवा.”

“दार?” अक्का ताठ झाली. “या गावात? इतकी वर्सं देवाच्या भरवशावर दुकान उघडं टाकून झोपलो, अन् आता गारव्यासाठी दार लावू? मी हाय तवर न्हाई!”

“अगं, पन तुला सोसंना ना!” साडूभाऊ ओरडलेच. पेढ्यांचं नाव विसरले. सगळ्या गिऱ्हाइकांदेखत बोलून गेले आणि लाजून रस्त्यावर पळाले. परत आले, तर अक्का तराजूला धरून उभी होती. डोळे मिटलेले, कपाळ घामानं डबडबलेलं. मी स्टुलावरून उठून धावलो, पण माझ्याआधी ते तिच्यापाशी पोचले होते.

“घरी जा,” ते म्हणाले. “लिंबाखाली बाज टाकून पड.”

“अन् गल्ल्यावर कोन?”

“मी बसतो.”

अक्कानं डोळे उघडले. तशा हालतीतही तिला हसू फुटलं. “तुमी? बसनार?”

ते बसले. आईशप्पथ सांगतो, बसले! गुडघा थडथड उडत होता, पण बसले. मेकॅनिक बावचळून म्हणाला, “काका, मग मशीनचं काय ठरलं?” “ऱ्हाऊ दे तसंच,” साडूभाऊ म्हणाले आणि पेढे तोलायला घेतले. इतका साधा उपाय, पण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. त्यांच्या बाबतीत तो उपाय आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तेव्हापासून ऊन चढलं की अक्का घरी जाते आणि उन्हं कलेपर्यंत साडूभाऊ गल्ल्यावर असतात. एसी भिंतीवर मुका लटकतोय. कुत्रं दुसरीकडं गेलं. माझी दुपार आता अगदी निवांत आहे. आणि मेली झोप येत नाही. बायको सवयीनं एक कप चहा जास्त टाकते, मग तोही मलाच प्यावा लागतो. रस्त्यावर स्कूटर वाजली की मी उगाच उठून दारापर्यंत जातो.

परवा न राहवून मीच शिंगणापूरला गेलो. साडूभाऊ घामानं निथळत गल्ल्यावर बसले होते. गुडघा शांत होता. तेच मला चांगलं वाटलं नाही. मला पाहून तोंडभर हसले, स्टूल पुढं सरकवलं. “बसा, पाव्हणं.”

मी बसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका वेळी बसलेले असे पहिल्यांदाच.