गंजीपाशी काढलेले बूट

यवतमाळच्या अग्निशमन दलात मी लागलो तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालू होती. भाव पडलेले, खरेदी रखडलेली आणि जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या घरांपेक्षा उंच. उन्हाळ्यात कुठे ठिणगी पडली की आमची गाडी निघालीच.

कापसाची आग मोठी लबाड. गंजी वरून पांढरीशुभ्र दिसते आणि आतून पोखरत जाते. पाणी मारलं तर वरच्यावर निथळून जातं. म्हणून नियम असा, की कडेकडेने लोखंडी आकड्यांनी कापूस ओढून काढायचा, गंजीवर चढायचं नाही. चढावंच लागलं तर, गंजी कशाचीही असो, कमरेला दोर, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि दोर धरायला खाली माणूस. दर वर्षी अग्निशमन सप्ताहात साहेब हे मोठ्याने वाचायचे. आम्ही माना डोलवायचो आणि चहाची वाट बघायचो.

माझा जोडीदार माझ्याहून बराच मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. घर पिंजाऱ्याचं, वडील अजूनही कापूस पिंजून गाद्या भरत. मी कारकुनाचा मुलगा, म्हणून तो मला चिडवायचा, "तुले कापूस फक्त बनियानीतला माहीत."

त्या दुपारी कळंब रोडवरच्या एका जिनिंगमध्ये गंजी धुमसत होती. कडा ओढून झाल्या, तरी मधून धूर येतच होता. भाई म्हणाला, "वरून उकरल्याशिवाय हे इझत नाही. दोर बांध." मी त्याच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली. मग तो खाली बसला आणि बूट काढू लागला.

"भाई, बूट काहून काढून राह्यले?"

"कापूस आहे बे," तो म्हणाला. मशिदीच्या पायरीवर कोणी हेच विचारावं, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

आमच्याकडे कापसावर पायताण घालून कोणी पाय देत नाही. बैलबंडीत कापूस तुडवणाराही अनवाणीच तुडवतो. भोवती हमाल होते, शेतकरी होते, आमचे साहेब होते. कोणीच त्याला हटकलं नाही.

तो मधोमध पोचला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. वरचा कापूस नुसता पापुद्रा होता, खाली सगळे निखारे. आम्ही दोर ओढून त्याला लगेच बाहेर काढलं, पण पायांची पार वाट लागली होती. बूट गंजीच्या बाजूला जोडीने उभे होते.

त्याला नागपूरला नेलं. साखरेचा आजार होता, जखमा भरेनात. मी रोज देवाला विनवायचो, पाय घे, पण माणूस ठेव. पाय कापले, तरीही भाई गेला. इतकं रडू मला माझा बाप गेला तेव्हाही आलं नव्हतं.

चौकशीचे साहेब बाहेरगावचे. नियम माहीत असून बूट का काढले, असं त्यांनी विचारलं. "कापूस होता साहेब," एवढंच आम्ही म्हणालो. त्यांनी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा ठरवला. माझं डोकं फिरलं. ज्याने आठवणीने दोर बांधायला लावला, तो निष्काळजी? नियम करणाऱ्यांनी 'कापसावरसुद्धा' एवढा एक शब्द घातला असता, तर त्यांचं काय जात होतं?

भाईच्या वडिलांना हेच सांगायला मी गेलो. ते दुकानाच्या ओट्यावर बसले होते, काम बंद होतं.

"चाचा, ते काही म्हणोत, भाईची चूक नव्हती," मी म्हणालो.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहान होता तवा बूट घालून कापसावर चढलता. ईदचे नवे बूट होते. म्या लय मारलं त्याले."

मी त्यांच्या शेजारी टेकलो.

"मंग पुन्हा कधी नाही चढला," ते म्हणाले.